अपघाताविना नऊशे सत्त्याऐंशी दिवस

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्यावर निदान एखादी खरी गोष्ट तरी लिहिली जाते. मी पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, पोलादनगरच्या मिलच्या फाटकावर नऊ वर्षं टांगलेला फळा. माझ्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सुरक्षितता प्रथम. अपघाताविना दिवस'. त्याखाली चार खिळे होते. त्या खिळ्यांवरचे आकडे रोज सकाळी बदलायचे.

तुम्हाला पोलादनगर माहीत नसणार. नाशिकहून आग्रा रोडने चांदवडकडे निघालं की वाटेत ते लागायचं. एक मिल, तिच्यामागे दीडशे क्वार्टर, एक मारुतीचं देऊळ आणि एक किराणा दुकान. मिलमध्ये भंगार वितळवून सळया काढत. आता तिथे बाभळी आहेत. पण तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारलंत तर ते डोळे ओले करून सांगतील, की तसं गाव पुन्हा होणार नाही.

हे मी चार वर्षं ऐकलंय. मिल बंद पडल्यावर तिथला कारकून मल्हारी मला घेऊन नाशिकच्या इंदिरानगरात राहायला आला आणि त्याने मला बाहेरच्या खोलीत टांगलं. दर जानेवारीत एका रविवारी पोलादनगरची मंडळी त्याच्याकडे जमायची. चिवडा, जिलबी, चहा, आणि मग आठवणी.

"तिथली हवाच वेगळी होती," एखादी बाई म्हणायची. हवा वेगळी होती खरी. वाळत घातलेली पातळं संध्याकाळपर्यंत करडी व्हायची आणि हीच बाई भट्टीच्या नावाने बोटं मोडायची.

"आपल्याकडे जातपात कधी नव्हती," कोणी म्हणायचं. देवळाच्या पारावर कोण बसायचं आणि कोण चार हात लांब उभं राहायचं, हे मला फाटकावरून रोज दिसत होतं.

"एका कुटुंबासारखे राहिलो," हे वाक्य तर ठरलेलं. ते झालं की सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. माणूस खोटं बोलताना शेजारी साक्षीदार टांगून ठेवतो आणि त्याच्याकडे बघून हसतो, हे मी त्या खोलीत पाहिलं.

माझा जन्म त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरातला. मॅनेजरसाहेबांना कुठूनतरी कल्पना सुचली आणि त्यांनी एक पत्रा कापून घेतला. वाळू नावाच्या पेंटरने तो रंगवला. रंगवताना त्याने विचारलं, "साहेब, अपघात झाला तर आकडा पुसायचा का?" जयराम फोरमन तिथे उभे होते. ते म्हणाले, "तू अक्षरं काढ."

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी माझ्यावर 'एक' लागला. आकडे बदलायचं काम मल्हारीकडे होतं. रोज सकाळी तो स्टूल घेऊन यायचा, जुना आकडा काढायचा, नवा अडकवायचा आणि दोन पावलं मागे जाऊन बघायचा, जणू तो दिवस त्यानेच घडवला होता.

हजार दिवस पूर्ण झाले की प्रत्येक कामगाराला एक प्रेशर कुकर मिळणार, असं मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलं. त्या काळी क्वार्टरमध्ये चुलीवर पातेल्यात तुरीची डाळ तासभर शिजायची. कुकर ही मोठीच गोष्ट होती. तेव्हापासून माणसं माझ्याकडे बघायला लागली, आणि तेव्हापासूनच माझ्या पोटात खोटं जमायला लागलं.

आधी बारीकसारीक. कोणाचं बोट चेंगरलं, तर तो बोटाला फडकं गुंडाळून हात खिशात घालून फाटकाबाहेर पडायचा. कोणाच्या डोळ्यात ठिणगी गेली, तर त्याला दोन दिवस गावाला पाठवायचे. आकडा वाढतच राहिला. मालकांनी कोणावर सक्ती केली असती तर मी समजू शकलो असतो. इथे माणसं एकमेकांनाच दटावत होती. "आमच्या घरचा कुकर घालवशील," असं म्हणायची.

केरू नावाचा एक कामगार होता. मूळचा निफाडकडचा, बौद्ध घरातला, शिडशिडीत. रोलरमधून तांबडीलाल सळई बाहेर सुटली की तिचं तोंड सांडशीत पकडायचं आणि वळवून पुढच्या रोलरमध्ये घालायचं, हे त्याचं काम. दिवसभरात शेकडो वेळा. ते काम त्याच्याइतकं सफाईने दुसरं कोणी करत नव्हतं, असं जयराम फोरमन स्वतः म्हणायचे. केरूची बायको कुसाबाई. त्यांची क्वार्टर मल्हारीच्या क्वार्टरला लागून. दोन घरांत एकच भिंत.

केरू आठवडाभर सांगत होता की दुसऱ्या रोलरचं तोंड झिजलंय, सळई सरळ येत नाही, एक दिवस काम थांबवून ते बदला. जयराम फोरमन म्हणाले, "हजार होऊ दे. मग सावकाश बदलू."

शहात्तर सालचा सप्टेंबर होता. माझ्यावर नऊशे सत्त्याऐंशी लागला होता. सकाळचे साडेदहा वाजले असतील. आतून एक ओरडणं ऐकू आलं आणि मग मिलचा आवाजच थांबला. मिल थांबलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

सळई वाकडी सुटली होती. ती केरूच्या उजव्या पायाला गुडघ्याखाली गुंडाळली गेली.

चौघांनी त्याला एका फळीवर घालून फाटकातून बाहेर आणलं, अगदी माझ्या खालून. तो ओरडत नव्हता. त्याचे डोळे उघडे होते. मला वाटलं आता जीप काढतील. जीप शेजारीच उभी होती. पण जयराम फोरमन म्हणाले, "थांबा. आधी ठरवू." फळी जमिनीवर ठेवली गेली आणि ती माणसं ठरवायला लागली.

केरूची सायकल फाटकाशी लावलेली होती. एकाने ती उचलून रस्त्यावर नेली आणि पुढच्या चाकावर दगड घातला. दहा मिनिटांत ठरलं. केरू मिलच्या बाहेर, रस्त्यावर, ट्रकच्या धक्क्याने पडला आणि ट्रकच्या तापलेल्या सायलेन्सरवर त्याचा पाय भाजला. मल्हारीने आतून कागद आणला आणि सुवाच्य अक्षरात हे लिहून काढलं. बेचाळीस जणांनी खाली सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे उठवले. मग जीप काढली.

माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. वाईट असायला काहीतरी धमक लागते. ही माणसं सही करताना एकमेकांना पेन देत होती आणि "लवकर करा, बिचाऱ्याला दुखतंय," असंही म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारी स्टूलावर चढला तेव्हा कुसाबाई फाटकाशी उभी होती. ती रात्रभर दवाखान्यात होती. डॉक्टरांनी केरूचा पाय काढला होता.

"मल्हारीभाऊ," ती म्हणाली, "आज किती लावता?"

मल्हारीचा हात थांबला. "वहिनी, तुम्ही घरी जा. आम्ही बघतो सगळं."

"मी किती लावता ते इचारलं."

"नऊशे अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला.

मल्हारीने आकडा अडकवला. त्या दिवशी मात्र तो मागे सरकून बघायला थांबला नाही.

हजारावा दिवस दसऱ्याच्या तोंडावर आला. मांडव घातला, भाषणं झाली आणि कुकर वाटले. यादीत केरूचं नाव तसंच राहिलं होतं, म्हणून मल्हारी एक कुकर कुसाबाईच्या दारात ठेवून आला. ती तासाभराने तो घेऊन फाटकावर आली, माझ्या बरोबर खाली तो ठेवला आणि निघून गेली. दिवसभर तिथे नवाकोरा कुकर चकाकत होता. शेदीडशे माणसं त्याच्याजवळून गेली आणि प्रत्येकाला त्याच वेळी दुसरीकडे काहीतरी बघायचं होतं. पाळी सुटल्यावर मल्हारीने तो पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधला. आता त्याच्या घरी दोन झाले.

अपघात मिलच्या बाहेर झाला म्हटल्यावर मिलचा केरूशी संबंध उरला नाही. डिसेंबरात त्यांना क्वार्टर सोडायला लावली. सामान बैलगाडीत चढत होतं तेव्हा त्या कुटुंबासारख्या राहणाऱ्या मंडळींपैकी एकही दारात आला नाही. फक्त मल्हारीची बायको तानुबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. कुसाबाई पाणी प्यायली आणि तांब्या परत दिला.

पुढे मिलही गेली. आधी वीज कपात, मग एक भट्टी बंद, मग पगार लांबले, आणि त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात फाटकाला कुलूप लागलं. कुलूप लागल्यावर पोलादनगरवर जीव ओवाळून टाकणाऱ्या या लोकांनी काय केलं ते मी पाहिलं. जाताना त्यांनी क्वार्टरची दारं काढून नेली, खिडक्यांच्या चौकटी नेल्या, नळ नेले. एकाने देवळाची घंटा नेली. मल्हारीने मला नेलं. पत्रा जाड होता म्हणून. आठवण वगैरे नंतर सुचलं.

गेल्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशीत, या मंडळींना पोलादनगरची स्मरणिका काढायची हौस आली. जुन्या पत्त्यांवर पोस्टकार्डं गेली, की आपापली आठवण पानभर लिहून पाठवा. एक कार्ड चुकून केरूच्या गावच्या पत्त्यावरही गेलं आणि तिथून ओझरला पोचलं. तिथे विमानाच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला केरूने सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं.

यंदा जानेवारीतल्या रविवारी चहा चालू असताना दारात कुसाबाई उभी राहिली. केस पांढरे झाले होते. मी तिला लगेच ओळखलं. बाकीच्यांनीही ओळखलं असणार, कारण जिलबीकडे गेलेले हात मागे आले.

"या, वहिनी," मल्हारी म्हणाला. "केरूभाऊ कसे आहेत?"

"बरे हायेत. त्यांनी पान लिवलंय. टपालानं नगं म्हनले, हातात दे म्हनले."

मल्हारीने घडी उघडली, दोन ओळी मनात वाचल्या आणि कागद जयराम फोरमनकडे दिला. फोरमन आता निवृत्त झाले होते, कवळी बसवली होती. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद घडी करून टीपॉयवर ठेवला.

"हे छापता यायचं नाही," ते शांतपणे म्हणाले. "स्मरणिका आनंदाची आहे. अकरा वर्षं झाली त्या गोष्टीला. आता उकरून कोणाचं भलं होणार?"

"छापू नका मंग," कुसाबाई म्हणाली. "वाचून तरी दावा सगळ्यांना."

कोणी कागदाला हात लावला नाही. एकाने बशीतला चिवडा निवडायला सुरुवात केली.

कुसाबाईला वाचता येत नाही. पण केरूने ते पान आठ दिवस लिहिलं होतं आणि प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवली होती. ती उभ्या उभ्या बोलायला लागली, आवाज न चढवता, केरूचेच शब्द.

"मी केरू. मी सांडशीवर व्हतो. रोलरचं तोंड झिजलं व्हतं, ते मी चार वेळा सांगितलं. सळई माझ्या पायाला गुंडाळली ती मिलमधी, रस्त्यावर नाय. तुमी मला फाटकाबाहेर खाली ठिवलं आणि बोलत बसले, तवा मी सगळं ऐकत व्हतो. माझी सायकल मोडायला नको व्हती. ती चांगली व्हती. मला पोलादनगरचं एवढंच आठवतं."

तिचं संपलं. जयराम फोरमन खिडकीकडे बघत होते. मल्हारी म्हणाला, "वहिनी, तेव्हा परिस्थिती तशी होती."

"कशी व्हती?" तिने विचारलं. खरंच विचारलं, ऐकायला थांबली. बेचाळीसपैकी एकोणीस जण त्या खोलीत होते. एकालाही ती परिस्थिती सांगता आली नाही.

मग तिची नजर माझ्यावर आली. "ह्यो पत्रा मला द्या," ती म्हणाली.

"अहो, ही आमची आठवण आहे," मल्हारी म्हणाला.

आतल्या दारातून तानुबाई बाहेर आली. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि मला खिळ्यावरून उतरवलं. मल्हारी "अगं" एवढंच म्हणाला.

"न्या, कुसाबाई," ती म्हणाली. "हा घरात आला तेव्हाच मी द्यायला पायजे होता."

स्मरणिका निघाली म्हणे. गुळगुळीत कागद, रंगीत कव्हर. पोलादनगरात राहिलेल्या सगळ्यांची नावं शेवटच्या पानांवर आहेत. केरूचं नाव नाही. रस्त्यावरच्या अपघातातला म्हणूनही नाही, मिलमधला म्हणूनही नाही. त्यांनी त्याला फाटकाबाहेर टाकलं ते टाकलंच.

कुसाबाईने मला एसटीच्या टपावर घालून ओझरला आणलं. केरूने मला पाहिलं आणि बराच वेळ हातातली ट्यूब तशीच पाण्यात धरून बसला.

"ह्ये कशाला आनलंस?"

"न्हाणीला दार नाय," ती म्हणाली. "पोतं लावून लावून दमले मी."

केरूने मला आडवं घातलं आणि काचकागदाने घासलं. दोन दिवस घासत होता. 'सुरक्षितता' गेलं, 'प्रथम' गेलं, सगळं गेलं. मला वाटलं होतं, तो माझ्यावर खरं काय ते लिहील. त्याने लाल रंगाचे दोन हात मारले आणि बिजागऱ्या ठोकल्या. मी त्या मंडळींना एवढी नावं ठेवली, पण एक गोष्ट कबूल करतो. त्यांनी सही एकदाच केली. मी ते खोटं रोज सकाळी नव्याने अंगावर घेत होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो.

म्हणून एकच मागणं आहे. एखाद्या कारखान्याच्या फाटकावर माझ्यासारखा कोणी मोठा आकडा छातीवर घेऊन उभा दिसला, तर त्याला विचारू नका. आतून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या माणसाला विचारा, आणि तो एकटा असताना विचारा.

आता सकाळ झाली आहे. कुसाबाईने पाणी तापवून आत ठेवलंय. केरू येतोय. तो कुबडी माझ्या अंगाला टेकवून ठेवील, एका हाताने चौकट धरील, आत जाईल आणि मला लावून घेईल.