खुणेला ठेवलेली चिठ्ठी

बावीस वर्षांत त्या माणसाने सव्वादोन हजार पुस्तकांची परीक्षणं लिहिली आणि त्यातली पूर्ण वाचली जेमतेम साठ. हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कादंबरी आली की प्रस्तावना, मधली तीन पानं आणि शेवट. कवितासंग्रह आला की पहिली कविता, शेवटची कविता आणि कवीचा फोटो. चरित्र आलं की जन्म आणि मृत्यू. मधलं सगळ्यांचं सारखंच असतं, असं तो स्वतःशी म्हणे. बागकाम असो, अर्थशास्त्र असो, भुताच्या गोष्टी असोत, रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला दोन पुस्तकांचा निकाल लागायचा. भाषा मात्र अशी, की वाचणाऱ्याला वाटावं, या बाबाने पुस्तक नुसतं वाचलेलं नाही, पोटात घालून पचवलंय.

लिहिणारी मंडळी त्याला टरकून असत. कुणी चार-चार वर्षं घासलेली कादंबरी तो तीन ओळींत आडवी करायचा आणि हात झटकून जेवायला बसायचा. कुणी जाब विचारलाच तर त्याचं उत्तर तयार असे, "अहो, पुस्तकाचा निवाडा चुकला म्हणून कुणी मरत नाही."

त्याचा शब्द न् शब्द खरा मानणारी एक वाचक होती, ती म्हणजे त्याची सख्खी ताई. आई अंथरुणाला खिळल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याची शाळा सुटू नये म्हणून तिने आपली सोडली. तेव्हापासून आपल्याला वाचनातलं काही कळत नाही, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. भावाने चांगलं म्हटलेलं पुस्तक ती विकत घ्यायची, परीक्षण कापून पहिल्या पानावर चिकटवायची आणि मग पुस्तक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची. शहराबाहेर, रानाला लागून असलेल्या तिच्या घरात अशा पुस्तकांचं एक अख्खं कपाट होतं.

त्या रविवारी सकाळी नऊला तिचा फोन आला.

"धाकट्या, आम्ही निघालो रे टोपली घेऊन. दुपारी जेवायला ये."

"कुठे निघालात?"

"रानात! तुझं ते अळंब्यांचं पुस्तक घेतलं ना मी. पाऊस उघडायची वाट बघत होते. हे म्हणतात, बाजारात मिळतात की. मी म्हटलं, बाजारातल्या अळंब्यांवर कुणी परीक्षण लिहिलंय का?"

पाठीमागून भावोजींचा आवाज आला, "त्याला विचार, त्याने खाल्ल्यात का एकदा तरी!"

"तुम्ही गप्प बसा हो. येतोस ना रे?"

"ताई, काम आहे. संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचाय."

"बरं. तुझ्या वाटचं झाकून ठेवते," म्हणून तिने फोन ठेवला.

त्याचं त्या दिवसाचं काम म्हणजे एक रहस्यकथा. रहस्यकथेची त्याची रीत वेगळी होती. खुनी कोण ते आधी शेवटच्या पानावर बघायचं, मग मधली तीन पानं, म्हणजे 'वाचकाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही' असं छातीठोकपणे लिहिता येतं. तीन आठवड्यांपूर्वी ती चाळता चाळता त्याने मध्ये एक कागद खुणेला घालून ठेवला होता. साडेअकराला त्याने ते पान उघडलं, कागद बाजूला टाकला, तीन पानं वाचली आणि टिपण करायला तोच कागद पुन्हा ओढला. पाठ कोरी होती. पेन टेकवणार एवढ्यात त्याने सहज कागद उलटा केला.

वर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'शुद्धिपत्र. तातडीचे.'

अळंब्यांच्या पुस्तकासोबत प्रकाशकाने एक पत्र आणि ही चिठ्ठी पाठवली होती. पत्र त्याने न उघडता कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. चिठ्ठी मापाची होती, खुणेला बरी पडली. आता त्याने ती वाचली. 'छपाईतील चुकीमुळे पृष्ठ ८८ व पृष्ठ १४२ यांवरील छायाचित्रांची अदलाबदल झाली आहे. पृष्ठ ८८ वर "लोणी अळंबी" म्हणून छापलेले छायाचित्र "निजवी" या प्राणघातक अळंबीचे आहे. काही प्रती यापूर्वीच दुकानांत गेल्या असल्याने परीक्षकांनी ही दुरुस्ती आपल्या लेखात ठळकपणे नमूद करावी, ही विनंती. निजवी पोटात गेल्यास आठ ते बारा तास कोणतेही लक्षण दिसत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा उशीर झालेला असतो.'

आधी ताईच आठवायला हवी होती. आठवली ती आपल्या परीक्षणातली ओळ. ती त्याला फार आवडली होती, संपादकानेही ती चौकटीत टाकली होती : 'शब्द बाजूला ठेवा. या पुस्तकातली चित्रं शब्दांपेक्षा प्रामाणिक आहेत. त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा.' लिहिताना त्याने खरोखरच फक्त चित्रं बघितली होती.

त्याने ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. रानात जाताना ती फोन घरी आतल्या खोलीत चार्जिंगला ठेवते, हे त्याला माहीत होतं. भावोजी फोन बाळगतच नसत. शेजार म्हणावा असा कुणी जवळपास नव्हता. अॅम्ब्युलन्सला फोन करावा, असं मनात आलं. पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे चिठ्ठी हाती आल्याची तारीख सांगायची. त्याने फोन केला नाही. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे त्याने स्वतः हे कुणालाच सांगितलं नाही.

टॅक्सीत बसल्यावर त्याने ताईला आणखी दोनदा फोन लावला, तो कुणी उचलला नाही; मग त्याने संपादकाला गाठलं.

"अळंब्यांच्या पुस्तकात चूक आहे. लोकांना सांगायला पाहिजे. आज. आत्ता."

"आज रविवार आहे, महाराज. आणि तुम्हीच तर डोक्यावर घेतलंत ना ते? तुमच्यामुळे दुकानात एक प्रत शिल्लक नाही म्हणतात."

"एकही नाही?"

"एकही. उद्याच्या अंकात चौकट टाकू. चूक काय आहे?"

त्याने चिठ्ठी वाचून दाखवली.

"तुम्हाला हे कधी कळलं?" संपादकाने विचारलं.

त्याने फोन कट केला.

ताईच्या घराचं दार सताड उघडं होतं. पायरीवर चिखलाने भरलेले बुटांचे दोन जोड शेजारी शेजारी ठेवले होते. आतून परतलेल्या लोण्याचा वास येत होता, इतका चांगला की त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. भावोजी ताटं पुसत होते. ताटं दोन. धुतलेली.

"या, विद्वान!" भावोजी म्हणाले. "काम आहे म्हणाला होतात. वासावर आलात वाटतं?"

ताई ओल्या हातांनीच बाहेर आली. चेहरा उन्हाने लाल झालेला, केसांत वाळकी पानं अडकलेली. एकसष्ट वर्षांची बाई शाळा बुडवून आल्यासारखी हसत होती.

"साडेबाराला बसलो बघ जेवायला. थांबायला हवं होतं तुझ्यासाठी. काय लागल्या म्हणून सांगू! ह्यांनी दोनदा वाढून घेतलं. आणि सकाळी नाक मुरडत होते!"

"ताई, कुठल्या होत्या त्या?"

"बस तर आधी. पाणी पी."

"ताई. कुठल्या होत्या? दाखव."

तिने पुस्तक आणलं. हिरवं कव्हर, आत त्याचं परीक्षण डिंकाने चिकटवलेलं, कडा नीट कापलेल्या. पान ८८ वर तिने गवताची काडी घातली होती. "ही बघ. तीन जातींच्या मिळाल्या, पण हीच जास्त. टोपली भरून."

"मी हिला म्हटलं होतं," भावोजी म्हणाले. ते जन्मभर सरकारी मोजणीखात्यात होते, जमिनी मोजत. "मजकुरात लिहिलंय, देठाला कडं नसतं. चित्रात कडं आहे. टोपलीतल्या सगळ्यांना कडं. कागद आणि जागा जुळली नाही की मी पुढे पाऊल टाकत नसे. पण ही ऐकते कुठे!"

"आणि मी ह्यांना तुझी ओळ वाचून दाखवली," ताई म्हणाली. "शब्द बाजूला ठेवा, चित्रांवर विश्वास ठेवा. तोंड बंद झालं की नाही?"

ओट्यावर एक वाटी झाकून ठेवली होती. त्याच्या वाटची.

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. "हे आत्ताच आलं प्रकाशकाकडून," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय होती, पण इतक्या जवळून कधी बोलला नव्हता.

भावोजींनी चष्मा चढवला आणि सगळी चिठ्ठी वाचली. खाली बारीक अक्षरात छापलेली तारीख वाचली. एका कोपऱ्यावर वाळलेल्या चहाची गोल खूण होती, तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग मेव्हण्याकडे बघितलं. बायकोसमोर ते काही बोलले नाहीत. चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि एवढंच म्हणाले, "चपला घाल गं. दवाखान्यात जायचंय."

"अहो, पण मला काही होत नाहीये! ठणठणीत आहे मी."

"घाल चपला."

टॅक्सी दाराशीच उभी होती. भावोजी पुढे बसले. मागे ताई पुस्तक छातीशी धरून, आणि तिच्या शेजारी तो, मांडीवर झाकलेली वाटी घेऊन; डॉक्टरांना दाखवायला लागेल म्हणून भावोजींनीच ती त्याच्या हातात दिली होती. वाटी अजून कोमट होती. प्रत्येक वळणाला तो ती दोन्ही हातांनी धरत होता.

"घाबरू नकोस रे," ताई त्याला म्हणाली. "छापणाऱ्यांनी घोळ घातला, त्यात तुझा काय दोष?"

पुढच्या सीटवर भावोजी खिडकीबाहेर बघत राहिले.

डॉक्टरीणबाई तरुण होती आणि ती काहीच लपवत नव्हती. दोघांना शेजारच्या खाटांवर घेतलं, सलाईन लावलं, पोट धुवायची तयारी सुरू केली. रक्त काढताना तिने वाटीवरचं झाकण उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

"शिजवल्यावर मला ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत पाठवते. तुमच्या टोपलीत तीन जाती होत्या म्हणता. एका चुकीचं आपल्याला कळलंय. बाकी दोन या पुस्तकावरूनच ओळखल्यात ना? मग पुस्तकात आणखी कुठे काय चुकलंय, ते मला कळायला हवं. हे नीट वाचलेलं कुणी आहे?"

"हा आहे ना!" ताई उशीवरून मान उचलून म्हणाली. "माझा धाकटा भाऊ. पेपरात लिहितो. सगळ्या प्रकारची पुस्तकं वाचलीत त्याने. याच्यावर त्यानेच तर लिहिलंय."

डॉक्टरीणबाईने पुस्तक त्याच्यापुढे धरलं. "बरं झालं. सांगा, चित्र आणि मजकूर आणखी कुठे जुळत नव्हतं? आठवून सांगा. वेळ कमी आहे."

त्याने पुस्तक हातात घेतलं. पहिल्याच पानावर त्याचंच नाव असलेलं परीक्षण होतं. सव्वादोन हजार वेळा याच जागी त्याला काही ना काही सुचलं होतं.

"मी हे वाचलेलं नाही," तो म्हणाला.

"कुठलं पान?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"पुस्तक. पुस्तकच वाचलेलं नाही. चिठ्ठीही तीन आठवड्यांपासून माझ्याकडेच होती."

डॉक्टरीणबाई दोन क्षण त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं, परिचारिकेला दिलं आणि म्हणाली, "वनस्पतिशास्त्राच्या कुणाला तरी शोधा. कुणालाही. पळा." आणि स्वतःही पडद्याबाहेर गेली.

भावोजींनी डोळे मिटून घेतले होते. ताई मात्र त्याच्याकडे बघत होती. ती रागावली असती, रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "मग ते बागेचं? ज्याच्यावरून मी मागे वाफे केले?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"समुद्रावर एकट्या राहणाऱ्या बाईचं? तू लिहिलंस, तीन रात्री झोप लागली नाही म्हणून. मलाही नाही लागली."

"शेवट वाचला होता," तो म्हणाला.

"आणि आई गेल्यावर तू आणून दिलेल्या त्या कविता?"

"पहिली आणि शेवटची."

ताईने मान वळवली. "मधल्याच चांगल्या होत्या," ती म्हणाली.

पडद्यापलीकडून टेबलावरचा फोन वाजायला लागला, कुणीतरी उचलला आणि परिचारिकेचा आवाज आला, "हो... हिरवं कव्हर? किती जण आहेत? मुलंसुद्धा?" भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. साडेबाराला जेवण झालं होतं. आठ तास म्हणजे साडेआठ. त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि पुन्हा केला.

ताईने सलाईन नसलेला हात पोटावर ठेवला आणि थोडा वेळ वाट बघितली, एखाद्याचं बोलणं ऐकावं तशी.

"अजून काही होत नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली.