दुसऱ्याच्या नावाचा पत्ता

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, धूळ बसावी असं अंगही नाही. मी इंटरनेटवरचा एक जुना पत्ता आहे. फोनवर किंवा संगणकावर तुम्ही जी अक्षरं टाकता आणि पान उघडतं, ती अक्षरं म्हणजे मी. माझ्यात आधी शिलाई मशीनच्या एका मोठ्या कंपनीचं नाव येतं आणि त्याला चिकटून 'दुरुस्ती' हा शब्द. कंपनीचं नाव काही मी सांगणार नाही. त्या नावापायीच माझ्या माणसांची दैना झाली.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. दुकान मिस्त्रींचं. भिंतीला टांगलेले चामडी पट्टे, पत्र्याच्या डब्यांतून शटल, बॉबिन आणि बारीक स्क्रू, आणि सगळीकडे मशीनच्या तेलाचा वास. तीस वर्षं मिस्त्री त्या एकाच कंपनीची मशीनं उघडत आले होते. त्यांची मुलगी ग्रंथालयात नोकरीला होती. वस्तू नंबर टाकून जागच्या जागी ठेवायची तिला सवय.

एका सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुमच्या डोक्यात आहे ते सगळं लिहून ठेवू या. उद्या लोकांनी कुणाला विचारायचं?"

"लिही की. पण नाव काय देशील?"

"कंपनीचंच देऊ. लोक तेच शोधतात ना!"

तिने शोधलं, तर मी मोकळाच होतो. कुणी घेतलेला नव्हतो. मोकळं आहे म्हणजे आपल्याला घेता येतं, असं दोघांनाही वाटलं. मोकळ्या दाराच्या घरालाही मालक असतो, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

मग दर रविवारी मिस्त्री सांगायचे आणि ती थेट संगणकावर उतरवायची. सुई का तुटते, पट्टा किती सैल ठेवायचा, खालचा दोरा का गुंततो. अशी एकशे चाळीस पानं झाली. दूरदूरच्या गावांतून पत्रं यायला लागली. एका बाईंनी लिहिलं होतं की तुमचं पान वाचून सासूबाईंचं बंद पडलेलं मशीन चालू केलं आणि त्यावर बाळाचं झबलं शिवलं. मिस्त्रींनी ते पत्र मुलीकडून तीनदा वाचून घेतलं. माझेही ते सोन्याचे दिवस होते.

पुष्कळ लोकांना वाटायचं, मिस्त्री कंपनीचेच. पत्राच्या वर लिहायचे, 'कंपनीचे साहेब यांस.' मिस्त्रींना ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, मलाही आवडायचं.

मुलगी म्हणाली, "बाबा, वर एक ओळ टाकू का? आमचा कंपनीशी काही संबंध नाही म्हणून?"

"राहू दे गं. तीस वर्षं त्यांची मशीनं मांडीवर घेऊन बसलोय. संबंध नाही असं कसं म्हणू?"

ती ओळ राहिली ती राहिलीच.

माझ्या अकराव्या वर्षी कंपनीला नवे मालक आले. जुन्या मशीनचे सुटे भाग बंद झाले आणि मिस्त्रींच्या दुकानात वकिलांचं पाकीट आलं. त्यात लिहिलं होतं, हे नाव आमचा ट्रेडमार्क आहे, तुम्ही ते बेकायदा बळकावलं आहे, पंधरा दिवसांत आमच्या हवाली करा. मुलगी तेव्हा प्रशिक्षणासाठी परगावी गेली होती. तिने फोनवर सांगितलं, "काही करू नका. मी आले की वकिलाला दाखवू."

पण मिस्त्रींना तेवढा धीर निघेना. 'बळकावलं' हा शब्द त्यांना सहन होईना. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणजे उंटावरचा शहाणा. तो म्हणाला, "पुसून टाका सगळं. पानच नाही तर गुन्हा कसला?"

मिस्त्रींनी मुलीने शिकवलेली बटणं आठवून आठवून दाबली. एक एक करून एकशे चाळीस पानं त्यांनी आपल्या हाताने पुसली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

आणि मित्रांनो, रिकामा पत्ता रिकामा राहत नाही. ज्यांच्याकडून मुलीने मला नोंदवून घेतलं होतं त्यांची रीतच अशी, की पान रिकामं दिसलं की त्यावर आपोआप जाहिराती लागतात. माझ्या अंगावर दुसऱ्या तीन कंपन्यांची मशीनं झळकायला लागली. मिस्त्रींना पत्ताच नव्हता. वकिलांनी मात्र लगेच त्या पानाचा फोटो काढून ठेवला.

मुलगी परत आली आणि तिने पान उघडून पाहिलं. "बाबा, ती पानं हाच तर आपला पुरावा होता!"

मिस्त्री बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले. हात तर स्वच्छच होते.

कंपनीने तक्रार लवादांकडे नेली. निवाडा करणारे हे लवाद दूरच्या शहरात होते. त्यांनी दुकान पाहिलं नाही, फक्त कागद पाहिले. नाव कंपनीचं, संबंध नसल्याची ओळ कुठेही नाही, पानावर दुरुस्तीबद्दल एक अक्षर नाही आणि वर जाहिराती कंपनीच्या स्पर्धकांच्या. मुलीने जुनी पत्रं पाठवली, पण ती ज्या पानांबद्दल होती ती पानंच नव्हती. कंपनीच्या तक्रारीत मिस्त्री म्हणजे आयत्या बिळावर नागोबा ठरले होते, आणि निकालातही तेच ठरले. कंपनीचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. लोक फसत होते हे खरंच होतं. पण मुद्दाम फसवलं कुणीच नव्हतं, आणि ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

आता मी कंपनीचा आहे. मला उघडलं की नव्या मशीनचं दुकान दिसतं. मिस्त्रींचं दुकान कुणाला सापडत नाही. मुलीने दुसरा पत्ता घेऊन पानं पुन्हा लिहायला घेतली, पण मिस्त्रींच्या मनाने धास्ती घेतली होती. सांगता सांगता ते अडखळायचे आणि पुढचं विसरायचे.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक निरोप आला. 'साहेब, मी दुरुस्तीवाला मिस्त्री. नाव तुमचंच राहू द्या. पण हातमशीनच्या दोऱ्याच्या ताणाचं पान, नंबर त्रेपन्न, तुमच्याकडे कुठे जपलं असेल तर कृपा करून पाठवा. एक बाई मशीन घेऊन बसल्या आहेत आणि मला आठवत नाही.'

क्षणात उत्तर गेलं, कुणीही न वाचता. 'आपल्या मशीनचं उत्पादन बंद झालं आहे. नवीन मशीनवर सवलतीसाठी इथे दाबा.' ते उत्तर माझ्याच नावाने गेलं.

मित्रांनो, पत्ता मोकळा दिसला तरी नाव कुणाचं आहे ते आधी विचारा. आपण कोण आणि कोण नाही, हे पहिल्याच ओळीत लिहा. आणि नोटीस आली तर घाबरून आपलंच काम आपल्या हाताने पुसू नका, जाणत्या माणसाला दाखवा. मी कंपनीच्या हवाली झालो याचं मला एवढं दुःख नाही. पण त्या उत्तरावर मिस्त्रींनी उलट टपाली लिहिलं, 'उत्तर दिल्याबद्दल आभारी आहे, साहेब.'