मसाल्याच्या भांड्यात वाटलेली दालचिनी

सकाळी साडेसहालाच माझं डोकं फिरलं. सासूबाईंनी दालचिनी मालवणी मसाल्याच्या भांड्यात वाटली! मिक्सरला भांडी तीन आहेत. त्यातलं नेमकं तेच उचललं, ज्याच्या झाकणाच्या रबरात दहा वर्षांचं तिखट मुरलंय. पहिला घाणा ओव्हनमधून निघाला, मी अर्धं बिस्किट तोंडात टाकलं आणि घसा पेटला. पाच वर्षांच्या पोरांना हे द्यायचं?

"अगो, धुतलंय मगे मी ता भांडा!" त्या म्हणाल्या.

"धुऊन काय होतंय, आई? वास जातो का तो? निधीच्या वर्गातल्या मुलांच्या घरी नाही चालत असलं काही. तुमच्या मसाल्यांपायी आणि माशांपायी माझ्या पोरीशी कोणी बोलत नाही, कळतंय का?"

त्या नुसता ओटा पुसत राहिल्या. निधी तोंडात ब्रश धरून दारात उभी होती.

मला काय ओरडायची हौस आहे? निधी इथेच मुलुंडला शाळेत जाते, मोठ्या शिशुवर्गात. महिन्यापूर्वी कोणीतरी म्हणालं, हिच्या डब्याला माशांचा वास येतो. झालं! डब्यात पोळी-भाजी असली तरी तिच्या शेजारी कोणी बसेना. जान्हवी तिची एकुलती एक मैत्रीण, तीसुद्धा दुसरीकडे बसायला लागली. शाळेत दर शुक्रवारी एका मुलाने सगळ्यांसाठी घरी केलेला खाऊ न्यायचा असतो. आज निधीची पाळी. दालचिनीची बिस्किटं तिनेच ठरवली, जान्हवीला आवडतात म्हणून. "शुक्रवारी सगळ्यांनी खाल्लं ना आई, की सोमवारी मला सगळ्यांच्या मध्ये बसायला मिळेल," असं ती आठवडाभर घोकत होती.

मग मी दुसरा घाणा केला. दालचिनी खलबत्त्यात कुटली, गाळली. कणीक, लोणी, पिठीसाखर मळली. निधीने बाटलीच्या झाकणाने गोल पाडले आणि प्रत्येकावर बोटाने खळगा केला. घरातला एकही डबा नको म्हणून आदल्या दिवशी नवा कोरा डबा आणला होता, त्यात बिस्किटं भरून वर चिकटपट्टी लावली. स्वतःच्याच घरात चोरासारखी वागत होते मी.

ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून दुपारी तिला आणायला गेले. निधी डबा छातीशी धरून बाकावर बसली होती. चिकटपट्टी जशीच्या तशी.

"वाईट वाटून घेऊ नका हं," तिच्या वर्गाच्या मृणालिनी टीचर म्हणाल्या. "दोन-तीन पालकांनी ग्रुपवर लिहिलं की घरात भांडी तीच असणार, ओव्हनही तोच. म्हणून आम्ही पाकिटातली बिस्किटं वाटली. निधीलाही दिलं हं एक."

"तिच्या खाऊच्या दिवशी? तिच्या समोर?"

"मॅडम, आम्हाला सगळ्यांचं बघावं लागतं."

"मग सगळ्यांत माझी मुलगी येत नाही का?"

त्या हसल्या आणि दुसऱ्या पालकांशी बोलायला वळल्या. सरळ पाठच फिरवली! मी डबा काखेत मारला आणि निधीचा हात धरून तरातरा बाहेर आले. फाटकापाशी तिने माझी ओढणी ओढली.

"आई, मी टीचरना सांगितलं होतं, मासे फक्त आजी खाते. आपण नाही खात. आपण आजीला गावाला पाठवू या ना? मग खातील सगळे."

हे तिला मीच शिकवलं होतं. सकाळी, ओट्याशी उभं राहून, ओरडून ओरडून. त्या टीचरचा राग आला, त्या पालकांचा आला, पण स्वतःचा इतका आला की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

फाटकाशी आठ-दहा आया उभ्या होत्या. मी चिकटपट्टी टराटरा ओढून काढली.

"निधी, मासे आपण सगळे खातो. मी खाते, बाबा खातात, तू खातेस! परवा बांगड्याचं तिखलं कोणी मागून मागून घेतलं? आजीने काटे काढून कोणाला भरवलं?"

"आई, हळू बोल ना. ऐकू जातंय सगळ्यांना."

"जाऊ दे ऐकू!"

निधीने इकडेतिकडे बघितलं. मग माझा हात सोडला आणि ती माझ्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली.