खून पहिल्या पानावर, डॉक्टरीण दुसऱ्या

चौकात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे चष्मेवालेच म्हणत. माणूस मितभाषी. गिऱ्हाइकाशी बोलणं म्हणजे ‘आता नीट दिसतंय?’ आणि काच बदलून ‘आणि आता?’ एवढंच. पण वाचनाचं वेड दांडगं, आणि तेही एकाच प्रकारचं. रहस्यकथा. पुस्तकात पहिला खून पडला की ते खुर्चीत सावरून बसत आणि पुस्तक निम्म्यावर यायच्या आत खुनी ओळखून मोकळे होत. साठी उलटल्यावर त्यांच्या मनाने घेतलं, आपणही एक लिहावी. दुकानात कोणी नसलं की काउंटरवर कागद पसरून ते लिहायला बसत. असं करत करत कादंबरी हातावेगळी झाली.

गोष्ट अशी होती : एका घड्याळजीवर त्याच्याच दुकानात विषप्रयोग होतो. एक अबोल इन्स्पेक्टर तपासाला लागतो, आणि मृतदेह तपासणारी सरकारी डॉक्टरीण त्याला मदत करते. शेवटी खुनी पकडला जातो आणि इन्स्पेक्टरची बदली होते.

ही कादंबरी त्यांनी बायकोला दाखवली नव्हती. ती मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. मेलेली माणसं नोकरीत पुष्कळ पाहिली, आता पुस्तकात कशाला, असं तिचं म्हणणं. म्हणून त्यांनी बाड थेट एका प्रकाशन संस्थेत नेऊन दिलं आणि वाट बघत बसले.

काही दिवसांनी तिथल्या संपादिकेने बोलावलं. मुलगी त्यांच्या धाकट्या लेकीएवढी, पण बोलण्यात एक घाव दोन तुकडे. कादंबरी आवडली म्हणाली. छापणार म्हणाली. चष्मेवाल्यांना खुर्ची अपुरी वाटायला लागली.

“फक्त काका,” ती म्हणाली, “आपण ती प्रेमकथा म्हणून काढू.”

त्यांना वाटलं, हिने दुसऱ्याच कोणाचं बाड वाचलं. पण तिने त्यांच्यापुढे त्यांचीच पानं उलगडली. खुनी घड्याळजीचा भाचा, हे तिला सुरुवातीलाच कळलं होतं. तरी तिने बाड खाली ठेवलं नव्हतं. का ठेवलं नव्हतं, ते तिने शांतपणे समजावून सांगितलं. रहस्यकथा वाचणारा विचारतो, कोणी केलं? थरारकथा वाचणारा विचारतो, आता हा वाचतो की मरतो? भयकथेत माणूस दाराकडे बघत बसतो. आणि प्रेमकथेत एकच प्रश्न, हे दोघं बोलणार कधी?

“खून पहिल्या पानावर आहे, पण डॉक्टरीण दुसऱ्या पानावर येते,” ती म्हणाली. “तिथून पुढे मी खुन्याची वाट बघितलीच नाही. मी तिची वाट बघत होते.”

चष्मेवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आयुष्यभर ज्या पुस्तकांच्या कपाटाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं, नेमकं तिथेच ही पोर त्यांना नेऊन बसवत होती. विचार करून सांगतो, असं म्हणून ते बाड काखोटीला मारून परत आले.

घरी येऊन त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि डॉक्टरिणीला कात्री लावायला सुरुवात केली. तिचं चहा घेणं गेलं. इन्स्पेक्टरबरोबर जिन्यात उभं राहून बोलणं गेलं. पावसात थांबलेली ती दोघं गेली. उरलेलं बाड हातात घेतलं तर पंचांगाएवढं भरलं. वाचून पाहिलं. खून होता, पुरावे होते, खुनी होता आणि जीव कशातच नव्हता. त्या दिवशी जेवताना त्यांचं लक्ष नाही हे बायकोने ओळखलं आणि काय झालं ते विचारलं. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

“द्या बघू इकडे,” ती म्हणाली. “काढलेली पानंसुद्धा द्या.”

रविवारची अख्खी दुपार ती खिडकीपाशी बसून वाचत होती. चष्मेवाले घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते. एकदा तर विनाकारण गॅलरी झाडून आले. उन्हं कलल्यावर तिने शेवटचं पान पालथं ठेवलं.

“खुनी भाचा,” ती म्हणाली. “आणि हे विष इतक्या चटकन चढत नाही. ते तुम्हाला नंतर सांगते.”

ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“ही डॉक्टरीण विचार करताना अंगठ्याने करंगळी चोळते.”

“असेल. काहीतरी लकब द्यायची म्हणून दिली.”

“अहो, मी चोळते.”

त्यांनी पाहिलं. तिचा अंगठा त्या क्षणीही करंगळीवर फिरत होता. डॉक्टरीण आपण मनाने रचली, असं ते आजवर अगदी प्रामाणिकपणे समजत होते. आता एकेक गोष्ट आठवायला लागली. डॉक्टरिणीचं ते दारात चपला काढतानाच बोलायला लागणं. रागावली की आवाज चढायच्या ऐवजी उतरणं. त्यांचे कान तापले.

“मी मुद्दाम नाही केलं,” ते म्हणाले.

“ते कळलं. मुद्दाम केलं असतं तर इतकं बरं झालं नसतं.” मग जरा थांबून ती म्हणाली, “पण हा तुमचा इन्स्पेक्टर बदली होऊन जातो आणि तिच्याशी एक शब्द बोलत नाही. का?”

“रहस्यकथेत ते बसत नाही गं.”

“मग जिथे बसतं तिथे बसवा.”

एवढं बोलून ती चहा टाकायला उठली.

चष्मेवाल्यांनी काढलेली पानं पुन्हा जागेवर लावली आणि नवं शेवटचं प्रकरण घेतलं. इन्स्पेक्टरच्या तोंडी त्यांनी नाना तऱ्हेची भाषणं घातली. सगळी उसनी वाटत. हा माणूस असं बोलणारच नाही, हे त्यांना आतून माहीत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन लेकी संसाराला लागल्या, पण ते स्वतः तरी कुठे काय बोलले होते? शेवटी भाषणं खोडून त्यांनी साधंच लिहिलं. निघायच्या दिवशी डॉक्टरिणीचा चष्मा नाकावरून घसरतो. इन्स्पेक्टर तो मागून घेतो, सैल झालेला स्क्रू खिशातल्या चाकूच्या टोकाने आवळतो, काचा रुमालाने पुसतो आणि म्हणतो, बदली मी रद्द करून घेतली.

बायकोने ते पान उभ्याउभ्याच वाचलं. मग ती ते घडी न करता कपाटात आपल्या साड्यांवर ठेवून आली. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांना संपादिकेसाठी ते पुन्हा हाताने उतरवून काढावं लागलं.

पुस्तक प्रेमकथा म्हणून निघालं. विषाचा परिणाम किती वेळाने होतो, ते बायकोने दुरुस्त करून दिलं होतं, त्यामुळे एकाही डॉक्टर वाचकाने नाव ठेवलं नाही. खुनी लगेच कळतो, अशी कुरकूर मात्र दुकानात येऊन दोघांनी केली. चष्मेवाल्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचे नंबर काढून दिले.

पुढे एकदा बायकोबरोबर ते वाचनालयात गेले होते. पहिल्याच पानावर घड्याळजीचं प्रेत पाहून ग्रंथपालांनी पुस्तक रहस्यकथांच्या कपाटात लावलं होतं, तेही चष्मेवाल्यांच्या लाडक्या पुस्तकांच्या रांगेत. ते तिथे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी पुस्तक अलगद बाहेर काढलं.

ग्रंथपाल टेबलामागून म्हणाले, “साहेब, जागच्या जागी राहू द्या.”

“तेच करतोय,” चष्मेवाले म्हणाले, आणि पलीकडच्या प्रेमकथांच्या कपाटाकडे गेले. बायको तिथे आधीच दोन पुस्तकं सरकवून फट करत होती.