गाठोड्यातली एकसष्ट गाणी

मित्रांनो, बदलापूरला कात्रपमध्ये गायकवाडांच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात रुमालात गुंडाळून ठेवलेली मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. रंगाने काळी, तुमच्या कंपासपेटीपेक्षा लहान, आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेली. लॅपटॉपमधल्या गोष्टी हरवल्या तर जवळ असाव्यात म्हणून त्यांची आणखी एक प्रत माझ्यात ठेवतात. त्या प्रतीला बॅकअप म्हणतात. सांभाळून ठेवणं एवढंच माझं काम.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कणही आत येऊ देत नसत. तिथून जहाजाने आणि मग टेम्पोने मी उल्हासनगरला पोचले. कॅम्प तीनमधल्या मुकेशशेठच्या दुकानात माऊस, चार्जर आणि वायरींच्या गर्दीत मी काचेआड बसले. धुळीचं म्हणाल, तर तिथे तिला कोणीच अडवत नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी यशोधराताई मला घ्यायला आल्या. त्या शाळेच्या ऑफिसात काम करतात. मुकेशशेठनी विचारलं, यात काय ठेवणार? ताई म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांची गाणी.

त्यांचे सासरे म्हणजे शंकरआजोबा. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मशीन चालवलं आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत गाणी म्हटली. जयंतीला, लग्नाला, बारशाला, कुठेही बोलावणं आलं की आजोबा निघाले. गाणी त्यांची स्वतःची असत. पण ती ते कधी लिहून ठेवत नसत. मशीनच्या ठेक्यावर गाणं सुचायचं, घरी येईपर्यंत पाठ व्हायचं आणि तसंच डोक्यात राहायचं. ताईंना याची काळजी वाटे. म्हणून त्यांनी जुन्या कॅसेटींवरची गाणी लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि नवी गाणी आजोबांना समोर बसवून रेकॉर्ड केली. एकूण एकसष्ट गाणी झाली. चौदाव्या गाण्यात मध्येच कुकरची शिट्टी आहे. तिसाव्यात त्यांच्या पत्नी चांगुणाआजी कोरस सोडून कोणाला तरी विचारतात, चहात साखर टाकली का? मला ती दोन्ही गाणी फार आवडतात.

मुकेशशेठनी ताईंच्या लॅपटॉपवर बॅकअपचा एक प्रोग्रॅम घालून दिला होता. दर रविवारी तो लॅपटॉपमधलं सगळं गोळा करायचा, घट्ट बांधून त्याचं एकच मोठं गाठोडं करायचा आणि माझ्यात ठेवायचा. जागा कमी लागायची, ताई खूश असायच्या. एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. त्या गाठोड्याची गाठ तोच प्रोग्रॅम बांधायचा आणि तीच गाठ सोडणंही फक्त त्यालाच जमायचं.

एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी तळमजल्यावरच्या घरात शिरलं. कॅसेटींची पेटी चिखलात गेली. लॅपटॉपही भिजून बंद पडला. मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात कोरडी होते. पुढे नवा लॅपटॉप आला, त्याच्यावर तोच प्रोग्रॅम घातला आणि माझ्यातली सगळी गाणी त्याच्यात उतरली. त्या दिवशी आजोबांनी मला हातात घेतलं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि आजींना म्हणाले, "ही बघ, आपली पार्टी हिच्या पोटात बसलीय." इतकं कौतुक माझं त्याआधी कोणी केलं नव्हतं.

मग, सात वर्षांपूर्वी, आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, तब्येत सुधारली, पण आवाज बसला तो बसलाच. बोलले तर जवळ जाऊन ऐकावं लागतं. गाणं थांबलं. ढोलकी मात्र त्यांनी सोडली नाही. घरात फोन वाढले, फोटो फोनमध्येच राहू लागले आणि दर रविवारचा माझा बॅकअप आधी महिन्याने, मग वर्षाने होऊ लागला. मित्रांनो, रुमालात गुंडाळून पडण्याचं दुःख नसतं. आपल्याला कोणी विसरलंय का, हे कळत नाही, त्याचं वाईट वाटतं.

यंदा ताईंच्या मुलीचं, तेजलचं लग्न ठरलं. मुलगा चिखलोलीचा, म्हणजे रिक्षाने पंधरा मिनिटं. तरीही आजी रोज एकदा डोळे पुसून घेत. तेजलने एकच हट्ट धरला. आईबाबांच्या लग्नात आजोबांनी म्हटलेलं गाणं तिला स्वतःच्या लग्नात म्हणायचं होतं. यशोधराताई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांची बी.ए.ची परीक्षा चालू होती, आणि नवरी पुस्तकं हातात घेऊनच घरात शिरली होती. त्यावर आजोबांनी दारातच ते गाणं रचलं होतं.

दारी आली लेक नवी, उंबऱ्या, तू वाक रे,
हाती तिच्या पुस्तक आहे, मान तिचा राख रे.

हे आणि पुढचं दुसरं कडवं घरात सगळ्यांना येत होतं. आजी तेवढ्या 'पुस्तक'च्या जागी 'कळशी' म्हणायच्या आणि आपलंच बरोबर म्हणून भांडायच्या. पण शेवटचं, तिसरं कडवं कोणालाच आठवेना. आजोबा कपाळावर बोटं आपटत बसले. चाल आठवत होती, शब्द येत नव्हते.

"लॅपटॉपमध्ये आहे ना," ताई म्हणाल्या. "आज लावते."

लॅपटॉप बरेच दिवस कुरकुरत होता. तुमची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली आहे, नवी घ्या, असा निरोप तो रोज दाखवत होता. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे सगळा लॅपटॉप चालवणारा मुख्य प्रोग्रॅम. ताईंनी ठरवलं, आधी हे काम उरकू, मग निवांत गाणी लावू. सिस्टीमने विचारलं, जुनं सगळं ठेवायचं की पुसून कोरी सुरुवात करायची? ताईंनी मला कपाटातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्या दिवसापर्यंतचा बॅकअप माझ्यात घेतला. नीट झाला. मग त्यांनी निर्धास्तपणे कोरी सुरुवात निवडली. मलाही अभिमान वाटला. माझ्या भरवशावरच तर त्यांनी ते केलं होतं.

दुपारपर्यंत लॅपटॉप नवाकोरा झाला. ताईंनी मला जोडलं आणि बॅकअपचा प्रोग्रॅम पुन्हा घालायला घेतला. पडद्यावर एक ओळ आली. हा प्रोग्रॅम या आवृत्तीवर चालणार नाही. ताईंनी लॅपटॉप बंद करून चालू केला. तीच ओळ. जुन्या पद्धतीने चालवून पाहायची सोय होती, तीही वापरली. प्रोग्रॅम उघडल्यासारखा झाला आणि मिटला. नवी आवृत्ती शोधावी म्हटलं तर तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनीच चार वर्षांपूर्वी बंद पडली होती.

मित्रांनो, माझं काय झालं असेल याची कल्पना करा. मी धडधाकट होते. एकसष्ट गाणी जशीच्या तशी माझ्यात होती. पण ज्याला गाठ सोडता येत होती, त्याला नव्या घरात प्रवेश नव्हता.

ताईंनी मग दुसऱ्या कंपनीचा नवा प्रोग्रॅम घातला. त्याने मला पाहिलं आणि विचारलं, ही डिस्क वापरण्यासाठी तयार करू का? खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आधीचं सगळं पुसलं जाईल. ताईंचं लक्ष 'तयार' या शब्दावर होतं. त्यांनी माऊस 'होय'वर नेला.

"आई, थांब." तेजलने त्यांचा हात धरला. "खालचं वाच."

ताईंनी वाचलं. हात मागे घेतला, माझी वायर काढली आणि मला दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या. मग उठून आजोबांकडे गेल्या. लपवायचा त्यांचा स्वभाव नाही. बाबा, माझ्या हातून गाणी गेली असावीत, असं त्यांनी सरळ सांगितलं. आजोबांनी त्यांना जवळ बोलावलं, कारण त्यांचं बोलणं लांबून ऐकू येत नाही.

"गेली तर मी नवी करीन," आजोबा म्हणाले. "तू सकाळपासून जेवली नाहीस. आधी जेव."

ताई जेवता जेवता रडल्या. आजींनी त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी ताई, तेजल आणि आजोबा मला घेऊन उल्हासनगरला गेले. आजोबांना घरी थांबायला सांगितलं होतं, पण ते आधीच चप्पल घालून रिक्षात बसले होते. मुकेशशेठचं दुकान तिथेच होतं. त्यांचे केस तेवढे पांढरे झाले होते. त्यांनी सगळं ऐकलं, मला वायर जोडून कानाशी धरलं, माझी घरघर ऐकली आणि हसले.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. डिस्क एकदम बरोबर आहे, माल पण आत आहे. फक्त गाठ सोडणारा माणूस रिटायर झाला. त्याला त्याच्या जुन्या घरी बोलावू."

दुकानाच्या मागच्या खोलीत एक म्हातारा कॉम्प्युटर होता. एका जुन्या प्रिंटरसाठी शेठनी तो जपून ठेवला होता. त्याच्यात जुनीच ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि त्याला इंटरनेटची वायर कधी लावलीच नव्हती, त्यामुळे नवं काही त्याच्या कानावर गेलं नव्हतं. शेठनी एका डब्यातून त्या बॅकअप प्रोग्रॅमची सीडी शोधून काढली. कॉम्प्युटरने ती खुशीने घेतली. प्रोग्रॅम सुरू झाला. त्याने माझं गाठोडं पाहिलं आणि सांगितलं, हे माझ्यापेक्षा नव्या आवृत्तीत बांधलेलं आहे, मला सुटणार नाही.

लॅपटॉप जास्त नवा आणि सीडी जास्त जुनी. आजोबा खुर्चीच्या हातावर हळूहळू ठेका धरून होते, तोही थांबला.

मला उत्तर माहीत होतं. पुढे तो प्रोग्रॅम सुधारला गेला, तेव्हा त्याने स्वतःच्या नव्या आवृत्तीची एक प्रत माझ्याच एका कोपऱ्यात ठेवली होती. पण मला बोलता येत नाही. कोणी वाचलं तरच मी सांगू शकते. तेजल माझ्यातल्या नावांची यादी वरून खाली वाचू लागली. शेठ म्हणाले, बेटा, त्यात काय मिळणार? ती वाचत राहिली. तळाशी एका नावावर तिचं बोट थांबलं.

"काका, हे काय आहे? यात 'सेटअप' लिहिलंय."

शेठनी चष्मा वर केला, वाचलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अरे, हा तर इथेच झोपला होता. आपण सगळ्या बाजारात शोधतोय."

पाच मिनिटांत प्रोग्रॅम बसला. त्याने गाठोडं ओळखलं. एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली आणि त्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा मला माझ्यातली गाणी एकेक करून मोकळी होताना जाणवली. एक, दोन, तीन. चौदावं आलं तेव्हा ताईंनी तेच लावलं. कुकरची शिट्टी झाली आणि दुकानातली गिऱ्हाइकं इकडेतिकडे पाहू लागली.

मग लग्नाचं गाणं लागलं. त्यात आजोबांचा मोठा, भरदार आवाज होता. मुकेशशेठनी तो आधी कधी ऐकला नव्हता. त्यांनी गल्ल्यावरच्या माणसाला रेडिओ बंद करायला सांगितलं. दुसरं कडवं संपलं, ढोलकीचा एक तुकडा झाला आणि हरवलेलं कडवं आलं.

कधी परत आली तर तू दार उघडं टाक रे,
माहेर तिचं आत आहे, मार तिला हाक रे.

आजोबा खुर्चीत मागे टेकले. "हां," ते म्हणाले, "तेच." आणि खुदकन हसले.

शेठनी त्या दिवशी आणखी एक चांगलं काम केलं. सगळी गाणी त्यांनी गाठोडं न बांधता, सुटी सुटी, कुठल्याही कॉम्प्युटरवर वाजतील अशी माझ्यात ठेवली. तीच दुसऱ्या एका नव्या डिस्कवरही उतरवली. ती डिस्क आता तेजलबरोबर चिखलोलीला राहते. मला एक बहीण मिळाली.

पुढचे दहा दिवस घरात दुसरं काही चाललंच नाही. तेजल गायची, आजोबा ढोलकीवर बसायचे आणि ती चुकली की नुसती मान हलवायचे. आजींना रेकॉर्डिंग तीनदा ऐकवलं. त्यात 'पुस्तक'च आहे हे त्यांनी मान्य केलं, पण त्या दिवशी यांनीच चुकीचं म्हटलं असेल, असंही सांगितलं.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे, म्हणून हक्काने दोन शब्द सांगते. नवं जरूर घ्या. जुन्याला धरून बसू नका. पण जुनं पुसण्याआधी, जपून ठेवलेली प्रत नव्या घरात उघडते का, हे एकदा उघडून पाहा. नुसता बॅकअप आहे, एवढ्यावर भरवसा ठेवू नका. एकाच प्रतीवर विसंबू नका, दोन ठिकाणी ठेवा. आणि वर्षातून एकदा तरी आम्हाला रुमालातून बाहेर काढा. आम्ही काही मागत नाही, पण चालू झाल्यावर आम्हाला बरं वाटतं.

लग्नाला मी गेले नव्हते. शिरगावच्या हॉलमध्ये त्रिशरण-पंचशील झालं, वधूवरांनी पुष्पहार घातले, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी फोनवरचं रेकॉर्डिंग माझ्यात ठेवलं आणि त्याला क्रमांक दिला, बासष्ट. त्यात तेजल गाते आहे, ढोलकी आजोबांची आहे. पहिली दोन कडवी ती छान म्हणते. तिसऱ्याला 'कधी परत आली तर' एवढं म्हणते आणि थांबते. ढोलकी चालूच राहते. मग माइकच्या जवळून एक घोगरा, फाटका, हवेसारखा आवाज येतो आणि ओळ पुरी करतो. दार उघडं टाक रे. आणि अख्खा हॉल ती ओळ उचलतो.

सात वर्षांनंतर आजोबा गायले, ते माझ्यात आहे.