पाकेरला सांगितलं नाही

पहाटे पावणेसहाला चित्त्याची मादी दिसली आणि मी गाडी रस्ता सोडून गवतात घातली. चित्रीकरणाचा परवाना असल्यामुळे आम्हाला ती मुभा होती, पर्यटकांच्या गाड्यांना नव्हती. गवत दवाने भिजलेलं होतं. शंभर पावलं अलीकडेच मी इंजिन बंद केलं.

मादीबरोबर तीन पिल्लं होती. आम्ही तीन दिवस तिच्या मागे होतो आणि तीन दिवस ती उपाशी होती. दोनदा ती हरणांच्या कळपाजवळ पोचली. दोन्ही वेळा रस्त्यावर पंधरा-वीस गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि कळप उधळला. सगळ्यात लहान पिल्लू आता चार पावलं चाललं की बसत होतं.

मुथेऊने कॅमेरा दारावरच्या वाळूच्या पिशवीवर टेकवला. ती माचाकोस गावची, कांबा जमातीची. एकेचाळीस दिवस माझ्या गाडीत होती, आणि एकमेकांना सांगण्यासारखं आमच्याकडे काही उरलं नव्हतं.

"मझे, घोरू नका," ती म्हणाली. वयामुळे ती मला मझे म्हणते, अर्धं आदराने, अर्धं चिडवायला. "आवाज रेकॉर्ड होतोय."

"जागा आहे मी."

"मग जागेपणी घोरताय."

सव्वासातला वायरलेस खरखरला, आम्हा दोघांच्याच चॅनलवर. "पाकेर, कुठं आहेस?"

पार्मुआट होता. तोही ड्रायव्हर, पण पर्यटकांचा. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या मुलाची सुंता झाली तेव्हा मी त्याला एक मेंढी दिली. आमच्या मासाई लोकांत मेंढी दिली-घेतली की दोघांची एकमेकांसाठीची नावं संपतात. तो मला पाकेर म्हणतो, मी त्याला पाकेर. पाकेरला नाही म्हणायचं नसतं. खोटं तर बोलायचंच नसतं.

"ओढ्यापलीकडे," मी म्हणालो. इथवर खरं होतं.

"काही आहे का तिकडे? की तुझी बाई गवताचाच सिनेमा काढतेय?"

"गवतच आहे."

"माझ्या गाडीत एक म्हातारी आहे. बाराला तिचं विमान. चार दिवसांत मला तिला चित्ता दाखवता आला नाही. दिसला तर सांग. मी एकटा येईन, कुणाला बोलणार नाही."

तो बोलला नसता, हे मला माहीत होतं. पण पार्मुआट वेगात निघाला की बाकीचे ड्रायव्हर त्याची धूळ बघून मागे लागतात. मीही लागलोय.

"काही दिसलं नाही, पाकेर," मी म्हणालो. "टेकडीकडे बघ."

मुथेऊला आमची भाषा येत नाही. तरी तिने कॅमेऱ्यावरून डोळा काढून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा लावला.

ऊन चढलं. थर्मासमधला चहा संपला. दहा पन्नासला हरणांचा एक छोटा कळप चरत चरत मादीच्या समोर आला. वारा कळपाकडून तिच्याकडे येत होता. रस्ता रिकामा होता. ती उठली, पोट जमिनीला लावून बरंच अंतर गेली आणि धावली. दहा-बारा सेकंदांत सगळं संपलं.

"कॅमेऱ्यात आलं?" मी विचारलं.

"आलं." मुथेऊ हसली नाही. डोळे चोळत मागे टेकली. लहान पिल्लू शेवटी पोचलं आणि भावंडांच्या मधे घुसलं.

पिल्लांची पोटं भरल्यावर, साडेअकराला, मी वायरलेसवर सगळ्यांना जागा सांगितली आणि इतरांना नीट दिसावं म्हणून गाडी रस्त्यावर आणून उभी केली. बारा वाजून दहा मिनिटांनी पार्मुआट आला. गाडी रिकामी होती.

"म्हातारी?" मी विचारलं.

"गेली. धावपट्टीवरूनच येतोय."

तो चित्त्यांकडे बघतच नव्हता. तो आमच्या चाकांचे माग बघत होता. जातानाच्या मागातलं गवत दवात दबून तसंच चिकटून वाळलं होतं. येतानाचं अजून हळूहळू उठत होतं. लहानपणापासून गुरांमागे फिरलेल्या माणसाला आणखी काही लागत नाही.

"पहाटेपासून इथंच होतास."

"पिल्लं उपाशी होती, पाकेर. तुझी धूळ बघून सगळे आले असते."

"मग तेवढंच सांगायचंस. पाणी पिऊन परतणाऱ्या गाईसारखा सावकाश आलो असतो."

हे मला सुचलंच नव्हतं.

"दोन तास टेकडीवरचे दगड बघितले आम्ही, तू म्हणालास म्हणून," तो म्हणाला. "जाताना तिनं माझे आभार मानले." त्याने गिअर टाकला. "येतो, कासाइने."

आवाजात राग नव्हता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून माझं नाव आलं होतं.

"काय म्हणाला?" मुथेऊने विचारलं.

"येतो म्हणाला."

"आणि तेवढ्यानं चेहरा असा?"

मी गाडी सुरू केली.

तीन वाजता पार्मुआटने वायरलेसवर सांगितलं की नदीच्या वळणावर सिंह आहेत, दोन नर, सावलीत. अशी खबर आली की ऐकणाऱ्या प्रत्येकाने पोच द्यायची असते. एकेकाने दिली. माझी पाळी आली तेव्हा मी बटण दाबलं. त्याला काय म्हणून हाक मारावी ते ठरेना. वायरलेस नुसता खरखरत राहिला. मी बटण सोडलं, आणि पुढचा ड्रायव्हर बोलू लागला.