बरोबरची खूण

थोरल्या जावेनं लाल पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि ‘ही कॅन गोज’ या वाक्यापुढे बरोबरची ठसठशीत खूण केली. खालच्या ‘शी मस्ट कम्स’पुढेही केली. पंधरा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईचा हात असल्या वाक्यांवर आपोआप फुली मारायला धावतो. तिला तो दर वेळी आवरावा लागत होता.

“सगळं बरोबर, ताई?” धाकटीनं वहीत डोकावत विचारलं.

“अगदी. कॅन असो, मस्ट असो, वाक्यात तो किंवा ती आली की पुढच्या क्रियापदाला एसचं शेपूट लावायचं.”

“शेपूट!” धाकटी खुदकन हसली. “तुम्ही सांगितलं की कसं पटकन डोक्यात बसतं.”

बसू दे, थोरली मनात म्हणाली. चांगलं घट्ट बसू दे.

सोमवारी धाकटीची मुलाखत होती. मोठ्या इस्पितळात, येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करणाऱ्या टेबलावरची नोकरी. इंग्रजीत बोलून दाखवावं लागणार होतं. घरात मास्तरीण असताना क्लास कशाला, असं सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या होत्या आणि थोरली एका शब्दानं हो म्हणाली होती. बाकी सगळं तिनं खरंच मन लावून शिकवलं. उच्चार घोटून घेतले, आजारांची नावं पाठ करून घेतली. खोटा नियम एकच. भाताचा ढीग चांगला असला तरी एक खडा दाताखाली येतोच, आणि तो नेमका पाहुण्यांसमोर येतो.

दोन वर्षांपूर्वी थोरलीला दुसऱ्या गावच्या शाळेनं मुख्याध्यापिकेच्या मुलाखतीला बोलावलं होतं. पत्र धाकटीनं पोस्टमनकडून सही करून घेतलं आणि थोरलीच्या हातात ठेवलं ते मुलाखतीची तारीख उलटल्यावर आठ दिवसांनी. “अगंबाई, विसरलेच हो ताई!” असं म्हणून तिनं जीभ चावली होती. घरातले सगळे हसले. धाकटीच ती, विसरायचीच, म्हणाले. थोरलीही हसली. मग ते पाकीट तिनं कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं आणि तेव्हापासून धाकटीवर दात धरून बसली.

चहा टाकायला म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. दूध वर येईपर्यंत बाहेरच्या खोलीतून घोकंपट्टी ऐकू यायला लागली. आवाज धाकटीचा नव्हता.

“ही कॅन गोज. शी मस्ट कम्स. शी शुड ईट्स.”

“शाब्बास गं माझी राणी!” धाकटी म्हणाली. “उद्या अश्शीच बोल. बघतेच कोण नाही म्हणतं ते.”

दूध उतू गेलं. थोरलीनं गॅस बंद केला आणि ओट्यावरून ओघळणाऱ्या दुधाकडे नुसती बघत राहिली.

उद्या सकाळी नऊला थोरलीच्या मुलीची तोंडी परीक्षा होती. मोठ्या शाळेत एकच जागा उरली होती, त्यासाठी सगळं घर श्वास रोखून बसलं होतं. तू घरी पण बाईच होतेस, ओरडतेस, असं म्हणून मुलगी आईकडे शिकायला कधीच बसायची नाही, काकूकडे जायची. आणि खरं सांगायचं तर या दोन आठवड्यांत आईलाही वेळ नव्हता. ती धाकटीचं नुकसान करण्यात गुंतली होती.

“इकडे ये बघू,” तिनं मुलीला हाक मारली. मुलगी काकूची वही छातीशी धरूनच आली. “ते शेपटाचं विसरून जा. काकू चुकली. कॅनच्या पुढे नुसतं गो. तो असो, ती असो, कुणीही असो.”

“काकू नाही चुकली.” मुलीनं वही उघडून पुढे धरली. “तूच बरोबर केलंयस. हे बघ. हे पण.”

“माझ्याकडून चुकून झालं.”

“सगळीकडे?”

पानापानावर लाल खुणा होत्या. थोरलीला आपल्याच अक्षराकडे बघवेना.

“आता सांगतेय ना मी? नुसतं गो. पाठ कर.”

“पण तेव्हा पण तूच सांगितलं होतंस.” मुलीचे डोळे भरून आले. “आता म्हणतेस ते खरं कशावरून? मी उद्या काय बोलू?”

दहा वर्षांची पोर दोन्ही वाक्यं पुटपुटून बघत होती आणि दोन्हींवर अडखळत होती. काकूच्या नकळत तिला एकटीला समजावायचं आणि सोमवार तसाच येऊ द्यायचा, एवढाच हिशेब थोरलीनं मनात मांडला होता. तो आता फसला होता.

तिनं ओल्या फडक्याला हात पुसले आणि मुलीला घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली. धाकटीसमोर टेबलावर वही ठेवली, खुर्ची ओढून बसली. पहिल्या पानापासून सुरुवात केली. एकेक खूण खोडायची, वाक्यातलं शेपूट कापायचं, शेजारी बरोबर वाक्य लिहायचं. एकही पान तिनं सोडलं नाही. मुलगी खांद्यावरून वाकून प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचत होती. पाचव्या पानावर तिचा आवाज ठाम झाला, तशी ती उड्या मारत आजीला म्हणून दाखवायला आत पळाली.

धाकटीनं वही स्वतःकडे ओढली.

“ताई, एवढं सगळं चुकीचं? तुमच्या हातून?” तिनं पानं उलटून बघितली. “सोमवारी माझी काय शोभा झाली असती!”

थोरलीनं मान वर केली. जीभ चावली, अगदी तशीच.

“अगंबाई,” ती म्हणाली, “विसरलेच हो.”

धाकटीचा चेहरा उतरला. आतून मुलीचं घोकणं आणि आजीचं ‘वा वा’ ऐकू येत होतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळून धाकटीनं ते पुन्हा सोडलं.

“त्या पत्रात दुसऱ्या गावाचं नाव होतं,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही गेला असतात तर सासूबाईंचं उठवणं-बसवणं, रात्रंदिवस, सगळं माझ्या एकटीवर… मी घाबरले, ताई. पत्र मी उघडलं होतं.”

“माहीत आहे,” थोरली म्हणाली. “पुन्हा चिकटवलेल्या पाकिटाला डिंक आपल्या घरातला होता.”

मग थोरलीनं लाल पेन टोपणात घातलं, धाकटीचं निळं पेन उघडून तिच्या हातात दिलं आणि नवं पान काढलं.

“लिही,” ती म्हणाली. “ही कॅन गो. आणि हेच खाली शंभर वेळा लिही.”

धाकटी खाली मान घालून लिहायला लागली. थोरली समोरच बसून राहिली, शंभर पूर्ण होईपर्यंत.